कोपराखाली आठ बोटे

ओटा हा शब्द मुळात घराच्या आतला नव्हे. दारापुढची, जोत्याला लागून असलेली, चार माणसांनी टेकायची उंचवट्याची जागा म्हणजे ओटा. तिथे गप्पा व्हायच्या, धान्य निवडले जायचे, पाहुणा आत येण्यापूर्वी क्षणभर विसावायचा. स्वयंपाकाशी त्याचा संबंध नव्हता, कारण स्वयंपाक जमिनीवर बसून होत असे. आज मात्र शहरातल्या मुलाला ओटा म्हटले की गॅसची शेगडी, सिंक आणि काळा दगड एवढेच आठवते. शब्दाने घराचा उंबरा ओलांडला, त्याला अजून शंभर वर्षेही झाली नसावीत. या एवढ्याशा काळात आपल्या स्वयंपाकघरात जे बदलले त्याचा हिशेब आपण भांड्यांच्या, इंधनाच्या आणि यंत्रांच्या भाषेत पुष्कळ मांडला. उंचीच्या भाषेत तो मांडलेला नाही. स्वयंपाकघराचा ओटा आपल्या हाताने कसा बांधावा हे सांगणाऱ्या या पुस्तकाची ओळख करून देताना मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण हे पुस्तक दगड, सिमेंट आणि चिकटद्रव्याचे असले तरी त्याचा खरा विषय माप हा आहे.

जमिनीवरचे स्वयंपाकघर कोण घडवत असे? चूल घालणे हे बाईचे काम होते. वारुळाची किंवा शेतातली चिकणमाती, शेण, तूस किंवा भुसा कालवून ती चूल घडवायची, बाजूला वैल काढायचा, सुकली की सारवायची, रोज पोतेरे फिरवायचे. तवा केवढा, भाताचे पातेले केवढे, आपण बसतो किती अंतरावर, फुंकणी धरताना मान किती वाकते, या सगळ्यांवरून चुलीचे तोंड आणि उंची ठरायची. नव्या सुनेला सासूची चूल गैरसोयीची वाटली, तर पुढच्या पावसाळ्याआधी ती नवी घालू शकत असे; घरात तिचे चालत असले तर, हे अर्थातच आले. विळी पायाखाली दाबून धरायची, पाट्यावर अंगाचा भार टाकून वाटायचे, परातीत भाकरी थापताना खांद्यातून जोर आणायचा, ही सगळी कामे बसलेल्या शरीराभोवती रचलेली होती. त्या रचनेत धूर होता, डोळ्यांची आग होती, कंबर आणि गुडघे झिजत होते. तिचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. ज्या जागेवर काम करायचे त्या जागेचे माप काम करणारीच्या हातात होते, आणि ते चुकले तर तिला मोडता येत होते.

हे माप हातातून गेले की काय होते याचा दाखला चुलीच्याच इतिहासात आहे. धूर कमी करणाऱ्या चुलींचे प्रयोग आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आसपासच सुरू झाले होते. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल त्यांपैकीच. पुढे 1983 पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला आणि लाखो चुली घरोघर बसवल्या. त्यांतल्या पुष्कळ थोड्याच वर्षांत बंद पडल्या किंवा वापरणाऱ्यांनी त्यांची तोंडे फोडून मोठी केली, कारण घरातली भांडी त्यांवर नीट बसत नव्हती. धुराचे गणित बरोबर होते, पातेल्याचे चुकले होते. अभियंत्याने दिलेले माप बाईने मोडले, कारण माती मोडता येते. ग्रॅनाइट मोडता येत नाही, म्हणून ओट्याच्या बाबतीत तडजोड बाईच्या पाठीला करावी लागते.

स्वयंपाक उभा राहिला तो एका दिवसात नाही. मुंबईत 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये वेगळे स्वयंपाकघरच नव्हते. एका कोपऱ्यात मोरी आणि तिच्याजवळ जमिनीवर शेगडी किंवा स्टोव्ह. पुढे ब्लॉक आले, 1950 च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत सिलिंडरचा गॅस आला, 1960 च्या दशकात मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा हळूहळू बाल्कनीत गेला. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवायची म्हटल्यावर तिला बसायला काहीतरी उंच हवे होते, आणि ते बांधणारा होता गवंडी. उभे कडप्पे, वर आडवा कडप्पा, मागे चार टाइल्स, कडेला मोरीच्या जागी सिंक. उंची? तीस-बत्तीस इंच. कुणाच्या मापाने, हा प्रश्न विचारायची पद्धतच पडली नाही. उभे राहिल्यामुळे बाईची धुरातून आणि वाकण्यातून बरीच सुटका झाली, यात शंका नाही. त्याच वेळी तिच्या कामाच्या जागेचे माप गवंड्याकडे, नंतर कंत्राटदाराकडे आणि आता मॉड्युलर किचनच्या कॅटलॉगकडे गेले. हे माप परत घ्यायचे असेल तर ओटा घडवण्याच्या कामात पुन्हा स्वतः उतरले पाहिजे, आणि आजच्या साधनांनी ते शक्य आहे, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. मला ते पटते.

उंचीचा विचार पाश्चात्त्य देशांत आपल्या आधी झाला. अमेरिकेत कॅथरिन बीचर हिने बहीण हॅरिएट बीचर स्टो हिच्यासह 1869 मध्ये लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात कामाच्या सलग पृष्ठभागाची कल्पना मांडली. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईने फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे 1.9 मीटर बाय 3.4 मीटरचे स्वयंपाकघर आखले. त्यात खिडकीशी बसून काम करण्यासाठी फिरते स्टूलही होते. लिलियन गिल्ब्रेथ ही कारखान्यांतल्या हालचालींचा अभ्यास करणारी अभियंता. तिने 1929 मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी नमुन्याचे स्वयंपाकघर मांडले. पृष्ठभागाची उंची काम करणारीच्या उंचीवरून ठरावी, असा तिचा आग्रह होता. कारखान्यांनी तिचे बाकी सगळे ऐकले आणि हे एवढे सोडून दिले. कपाटे घाऊक बनवायची तर एकच उंची सोयीची, म्हणून अमेरिकेत 36 इंच रूढ झाले. आज पुण्या-नाशिकच्या शोरूममध्ये जे ‘स्टँडर्ड हाइट’ म्हणून सांगितले जाते, ते पुष्कळदा या 36 इंचांच्या आसपासचे असते. त्या 36 इंचांमागे एक गृहीत आहे, ते मात्र सोबत आले नाही. तिकडे शेगडी ओट्यात बसवलेली किंवा ओट्याच्या पातळीत असते. आपल्याकडे ती बहुतेक घरांत ओट्याच्या वर ठेवलेली असते.

हा फरक किती मोठा, ते आकड्यांत पाहू. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. तिचे कोपर जमिनीपासून साधारण 95 सेंटिमीटरवर, म्हणजे साडेसदतीस इंचांवर येते. कार्यशास्त्राचा सर्वमान्य ठोकताळा असा: उभ्याने करायच्या हलक्या कामाला पृष्ठभाग कोपराच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली हवा, जोराच्या कामाला त्याहून बराच खाली. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर चिरण्या-निवडण्याला कोपराखाली सहा ते आठ बोटे आणि कणीक मळायला, पोळ्या लाटायला एक वीत. म्हणजे या बाईला चिरायला साडेएकतीस ते साडेतेहतीस इंच ठीक. गवंड्याचे बत्तीस इंच काही वेडेपणाचे नव्हते, हे इथे मान्य केले पाहिजे. पण त्याच बत्तीस इंचांवर पाच इंचांची शेगडी आणि तिच्यावर चार इंचांची कढई ठेवली की कढईचा काठ 41 इंचांवर, कोपराच्या साडेतीन इंच वर जातो. भाजी परततानाचा हात सतत उचललेला राहतो. ओटा 36 इंचांचा असेल आणि शेगडीवर पाच लिटरचा कुकर, तर कुकरचे झाकण 48 इंचांच्या पुढे, बाईच्या खांद्याच्या रेषेत येते. दुपारी खांदा का भरून येतो, याचे उत्तर पुष्कळ घरांत इथे सापडेल. शेगडीची जागा तिच्यासाठी साडेअठ्ठावीस-एकोणतीस इंच हवी आणि पोळ्यांचीही तेवढीच. सिंकचे उलट आहे, कारण तिथे हात काठावर नव्हे, आठ-नऊ इंच खोल तळाशी काम करतात, म्हणून त्याचा काठ चौतीसवर चालतो. एका ओट्यावर तीन कामे आणि तीन उंची. बाजारात मिळते एकच.

का मिळते एकच? याचे एक कारण अगदी साधे आहे आणि ते हिशेबाच्या वहीत सापडते. आपल्याकडे ओट्याचे काम रनिंग फुटावर ठरते. किती फूट लांब, एवढेच विचारले जाते. उंची आणि खोली दरात धरलेलीच नसते. ज्याचे पैसे मोजले जात नाहीत त्याचा विचारही होत नाही. वेगवेगळ्या उंचीचा, म्हणजे पायरीचा ओटा सांगितला की कारागीर दर वाढवतो किंवा ‘असे कुणी करत नाही’ म्हणतो, आणि दोन्हींचा अर्थ एकच. खोलीचेही तसेच. दोन फूट ही रुंदी इतकी मुरली आहे की दगडाच्या वखारीत कटरवर कापलेल्या दोन-अडीच फूट रुंदीच्या लाद्या ओट्यासाठी म्हणूनच उभ्या असतात. भिंतीलगतचे शेवटचे सहा इंच हात न पोचणारे, डब्या-बरण्यांनी भरलेले राहतात. पाच फुटांच्या बाईला एकवीस-बावीस इंच पुरतात, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो एकत्र घरातून. ओट्याशी एकच माणूस नसते. सासू चार फूट दहा इंचांची, सून साडेपाच फुटांची, आणि आता मुलगाही चहा-पोळीला उभा राहतो. मग माप कुणाचे घ्यायचे? याला पुस्तकाने दिलेले उत्तर मला विचारात पाडणारे वाटले: चुकायचेच असेल तर खालच्या बाजूला चुका. ठेंगणा ओटा उंच माणसाला जाड पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवून वर आणता येतो. उंच ओटा ठेंगण्या माणसासाठी खाली आणता येत नाही. तिला स्वतः पाटावर चढावे लागते, आणि ओल्या फरशीवरचा पाट हातात उकळते पातेले असताना काय करतो ते सांगायला नको. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पायरी आली की भांडे सरकवता येत नाही, सांध्यात पाणी आणि पीठ साठते, आणि सिंक उंच ठेवले तर सांडलेले पाणी शेगडीकडे उतरते. हे सगळे खरे आहे. याला उपाय आहेत, म्हणजे पायरीच्या वरच्या कडेला दगडाची बारीक उभी पट्टी, सांध्यात एपॉक्सी, सिंककडे हलका उतार. पण ते वेळ खातात आणि नीट झाले नाहीत तर गैरसोय वाढते. ज्यांना पायरी नको, त्यांनी निदान पूर्ण ओटा शेगडीच्या हिशेबाने खाली घ्यावा किंवा शेगडी ओट्यात बसवावी. आग्नेयेला गॅस हवा, पूर्वेकडे तोंड हवे, या आग्रहांबद्दल मी इथे लिहीत नाही. दिशा पाळूनही उंची सांभाळता येते एवढेच.

आता पदार्थाकडे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेसॉल्टचा. हा दगड थंड होताना तडकतो, म्हणून त्याचे गोटे आणि चिरे निघतात, मोठ्या पातळ लाद्या सहसा निघत नाहीत. पाटा, वरवंटा, जाते, उखळ आपल्या काळ्या दगडाचे, आणि ओटा मात्र परराज्यातला, असे झाले ते यामुळे. कडप्पा आला आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यातून, शहाबादी फरशी आली कर्नाटकातल्या कलबुर्गीकडून. दोन्ही चुनखडीचे, थराथराने साचलेले, त्यामुळे खाणीतच पुस्तकाच्या पानांसारखे सुटणारे. त्यांना कापायला मोठी यंत्रे लागत नसत, म्हणून ते स्वस्त. कडप्पा उभा लावला की आधार, आडवा लावला की मांडणी, घासला की ओटा. एवढा कामाला येणारा दुसरा दगड आपल्या घरांनी पाहिलेला नाही. त्याचा दोष त्याच्या जातीतच आहे. चुनखडीला आम्ल सोसत नाही. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांचा थेंब राहिला की चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो, आणि मराठी स्वयंपाकात या चारांपैकी एकही नाही असा दिवस विरळा. संगमरवराचे दुखणेही हेच, फक्त पांढऱ्यावर पांढरा डाग उशिरा दिसतो.

ग्रॅनाइटने कडप्प्याला वरच्या जागेवरून उठवून खाली आधाराला पाठवले ते या आम्लामुळे आणि घराघरांत शिरलेल्या चकाकीच्या हौसेमुळे. व्यापारात ग्रॅनाइट म्हणजे घासून चमकणारा कुठलाही कठीण दगड. ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा, ठिपक्यांनी लुकलुकणारा ‘ब्लॅक गॅलॅक्सी’ भूशास्त्राच्या दृष्टीने गॅब्रोच्या कुळातला. निखळ काळे म्हणून विकले जाणारे बरेच दगड डोलेराइट, म्हणजे आपल्या बेसॉल्टचेच सख्खे भावंड, फक्त जमिनीखाली सावकाश थिजलेले. खरा ग्रॅनाइट पाहायचा तर इरकलचा लाल पाहावा. लुगड्यांचे इरकल तेच. ही नावांची उठाठेव निव्वळ पांडित्याची नाही. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर, या काळ्या दगडांत फारच कमी, आणि क्वार्ट्झच्या धुळीचे काय होते ते पुढे येतेच.

दगडाच्या या गवंडी घराण्याशेजारी दुसरे घराणे आहे ओतकामाचे. सिमेंटचा कोबा, त्यात लाल ऑक्साइड, वर लोखंडी थापीने आणलेली गुळगुळीत झिलई. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांच्या जमिनी आणि बैठका अशाच आहेत. हेच तंत्र अमेरिकेत 1980 च्या दशकात ओट्यांसाठी नव्याने हाताळले गेले. कॅलिफोर्नियातल्या फू-टुंग चेंग या रचनाकाराचे काँक्रीटच्या ओट्यांवरचे पुस्तक 2002 मध्ये आले आणि गॅरेजमध्ये साचा करून, ओटा उलटा ओतून, काही दिवसांनी पलटवून बसवणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. या घराण्याचे आकर्षण उघड आहे: हवे ते माप, हवा तो आकार, सिंकच्या तोंडाला हवी ती गोलाई. अडचणीही उघड आहेत. सिमेंटलाही आम्ल सोसत नाही, त्यामुळे वरचे सीलर हीच त्याची खरी त्वचा आणि ती दर काही वर्षांनी नवी द्यावी लागते. पाणी मारण्यात आळस झाला की भेगा ठरलेल्या. पुस्तकाने इथे फेरोसिमेंटची बाजू घेतली आहे: जाळीवर थापलेला, इंचभर जाडीचा, चौरस मीटरला साठ किलोच्या आसपासचा पातळ थर. एका-दोघांना उचलता येईल असे तुकडे त्यातून होतात आणि गवंडीकामाची साधीच हत्यारे लागतात. माझे मत विचाराल तर घरच्या कारागिराने पहिला ओटा या पद्धतीनेच करावा; फसला तर नुकसान सिमेंटच्या दोन गोणींचे.

तिसरे घराणे कारखान्याचे. अमेरिकेत 1912-13 च्या सुमारास विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी, म्हणजे ‘फॉर मायका’, वापरायला जो पदार्थ निघाला त्याचे नाव त्यामुळेच फॉर्मायका पडले; आपण त्याच्या भाईबंदाला सनमायका म्हणतो. चिकटवलेल्या प्लायचा हा ओटा करायला सर्वांत सोपा आणि सिंकच्या कडेला फुगायलाही सर्वांत तत्पर. 1967 मध्ये ड्यूपाँटने ‘कोरियन’ हे ओट्याचे कृत्रिम साहित्य आणले. त्याच्या आगेमागे इटलीतल्या ब्रेटन कंपनीने दगडाची भुकटी राळेत घट्ट दाबून लाद्या करायचे तंत्र काढले, त्यातून आजचे ‘क्वार्ट्झ’ या नावाने विकले जाणारे ओटे आले. दिसायला एकसारखे, आम्लाला दाद न देणारे. पण राळ असल्यामुळे गरम तवा थेट ठेवला की भाजते आणि पांढऱ्या रंगावर हळद बसते. हळदीचा डाग उन्हात उडतो, पण ओटा उन्हात नेता येत नाही.

क्वार्ट्झविषयी याहून गंभीर बोलायला हवे. या लाद्यांमध्ये स्फटिकी सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ खनिज, नव्वद टक्क्यांपर्यंत असू शकते. ती कोरडी कापली की उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांमुळे हा रोग आपल्याला जुना परिचयाचा आहे. राजस्थानने त्यासाठी 2019 मध्ये स्वतंत्र धोरण केले. 2012 मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्यांमध्ये तो आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवणे, विकणे, कापणे, बसवणे या सगळ्यांवर बंदी घातली. असे असताना ‘ओटा स्वतः बांधा’ म्हणणे बेजबाबदारपणाचे नाही का, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. उत्तर या पुस्तकाच्या मर्यादांमध्ये आहे. क्वार्ट्झ घरी कापायचे नाही, कधीच नाही. ग्रॅनाइट मापाप्रमाणे वखारीतच पाण्याखाली कापून आणि कडा घासून आणायचा. घरी फार तर नळाचे भोक, तेही पाणी सोडत आणि मास्क लावून. एकदा हा नियम समजला की दुसरी एक गोष्ट डोळ्यांना दिसू लागते. आपल्या जिन्यात, नाकाला रुमाल बांधून, कोरडा दगड कापणारा जो मुलगा आपण दरवर्षी पाहतो, त्याला पाण्याची बादली आणि नळी देण्याची जबाबदारी आपली होती.

ओटा स्वतः बांधला तर गवंड्याच्या पोटावर पाय येतो का? हे विचारणारे लोक मॉड्युलर किचनच्या कारखान्याबद्दल हा प्रश्न विचारत नाहीत, तरी प्रश्न रास्त आहे. आठ फूट बाय दोन फुटांची, अठरा मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइटची लादी बहात्तर किलोंच्या आसपास भरते. सिंकचे तोंड कापल्यावर तिच्या पुढे-मागे दोन-तीन इंचांच्या पट्ट्या उरतात आणि उचलताना ती तिथेच मोडते. हे काम एकट्याचे नाही आणि पुस्तक तसे भासवतही नाही. ‘स्वतः’ या शब्दाचा त्यातला अर्थ असा: माप आपले, आखणी आपली, आधार उभे करणे, पाणसळ आणि ओळंबा धरणे, सांधे भरणे, क्युरिंग करणे आपले, जड उचल आणि दगडाची धार जाणत्याची. ज्याने एकदा उभे कडप्पे ओळंब्यात लावून पाहिले, तो गवंड्याशी दरावरून घासाघीस करताना जरा जपून बोलतो. घासाघिशीची जागा कामाच्या चर्चेने घेतली, तर त्यात गवंड्याचा तोटा मला दिसत नाही. पैसे किती वाचतात, हे विचारणाऱ्याची मात्र निराशा होईल. हत्यारे, वाया गेलेली लादी आणि चार रविवार धरले तर बचत थोडी. हे पुस्तक बचतीसाठी विकत घेऊ नये.

हे सगळे आत्ताच का, याला कारणे आहेत. मुंबई-पुण्यात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत आणि त्यांच्यासोबत पन्नास वर्षे चाललेले कडप्पे राडारोड्यात जात आहेत. ते काढून, पुन्हा कापून उभ्या आधारांना सहज वापरता येतात. नव्या घरात बिल्डरने दिलेला ओटा फोडूनच बहुतेक जण राहायला जातात, म्हणजे फोडण्याचा खर्च आपण करतोच, फक्त विचार करत नाही. परदेशी गेलेल्या मराठी घरांत 36 इंचांच्या ओट्यावर पोळपाट ठेवून लाटणे सुरूच आहे. आणि चाळिशी-पन्नाशीत बांधलेला ओटा सत्तरीतही वापरायचा असतो, तेव्हा बसून काम करता येईल अशी एखादी मोकळी, खाली गुडघे जातील अशी जागा हवी असते, जिचा विचार फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर आखणाऱ्या त्या ऑस्ट्रियन बाईने 1926 मध्येच केला होता. आपण मात्र खालची सगळी जागा ट्रॉल्यांनी भरतो.

पुस्तक काय करते आणि काय करत नाही, तेवढे सांगून थांबतो. ते सजावटीचे पुस्तक नाही. त्यात रंगसंगतीवर एक पानही नाही, याची काहींना खंत वाटेल. दगड, ओतकाम आणि प्लाय या तिन्ही घराण्यांना ते समान जागा देत नाही; लाकडी ओट्याला तर त्याने जेमतेम उल्लेखावर सोडले आहे, आणि कोकणातल्या दमट हवेचा अनुभव असलेल्या वाचकाला ते बरोबरच वाटेल. नळजोडणी आणि गॅसची नळी यांची कामे ते वाचकाला करू देत नाही, परवानाधारकाकडे पाठवते. भर आहे तो मोजण्यावर, आणि मोजणे कंटाळवाणे असते. लेखकांची पहिली अट अशी की दगडाच्या वखारीत पाऊल टाकण्यापूर्वी आठवडाभर घरातल्या टेबलाखाली विटा सरकवून वेगवेगळ्या उंचीवर चिरावे, मळावे, लाटावे, आणि प्रत्येक कामाची सोयीची उंची भिंतीवर पेन्सिलीने लिहावी. जी व्यक्ती रोज पोळ्या करते तिच्या हाताने, घर कुणाच्या नावावर आहे त्याच्या नव्हे. त्या पेन्सिलीच्या खुणांमध्ये चार-पाच इंचांचे अंतर निघाले, तर पुढची पाने वाचायला घ्यावीत. सगळ्या खुणा एकाच रेषेवर आल्या, तर आहे तो ओटा फोडू नये.